वळचणीची फळी मागून कुजते

छपराच्या कडेला वाशांची टोकं झाकणारी उभी फळी म्हणजे झालर, ठेकेदारांच्या बोलण्यातला फेशिया. तिच्या खालून भिंतीपर्यंत जाणारं आडवं छत म्हणजे सॉफिट. घराच्या बाहेरच्या लाकूडकामात या दोघांच्या वाट्याला सगळ्यात जास्त ऊन आणि सगळ्यात जास्त पाणी येतं, आणि रंगकामाच्या अंदाजपत्रकात त्यांची नोंद बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले मध्य प्रांताच्या काळातले कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, बंगले असोत, धरमपेठ-धंतोलीतली जुनी घरं असोत की बेसा, हिंगणा रोडकडच्या नव्या घरांचे उतरते पोर्च असोत, फळी खराब होण्याची रीत एकच आहे. रंग समोरून दिसतो म्हणून तो समोरूनच लावला जातो. पाणी मात्र मागून, वरून आणि टोकांतून शिरतं.

लाकूड आपल्या रुंद अंगानं पाणी हळूहळू पितं, पण कापलेल्या टोकानं ते भराभर ओढून घेतं. झालरीचे जोड, कोपऱ्यातले काटकोन, पन्हळीच्या क्लिपांची भोकं ही सगळी अशीच उघडी तोंडं असतात. पाठ कोरी ठेवलेली फळी जुलै-ऑगस्टभर मागून ओल घेत राहते. मध्येच कडक ऊन पडलं की ती ओल पुढच्या बाजूनं बाहेर पडू पाहते आणि वाटेत इनॅमलचा, म्हणजे चकचकीत तेलरंगाचा, घट्ट थर आडवा येतो. मग फोड येतात, थर सुटतात आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो.

फोड आला असेल तर तो ब्लेडनं कापून बघा. फक्त वरचा थर सुटला असेल आणि खाली जुना रंग शाबूत, कोरडा असेल, तर रंग तापलेल्या फळीवर लावला गेला आहे. सगळे थर लाकडासकट उघडे पडले असतील आणि बोटाला लाकूड गार, ओलसर लागत असेल, तर पाणी मागून येत आहे. दुसऱ्या प्रकारात कितीही महाग रंग आणा, पुढच्या पोळ्यापर्यंत तो पुन्हा सोलेल.

त्यात आपलं हवामान. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा इतकी कोरडी होते की दारं चौकटीत खुळखुळतात, आणि ऑगस्टमध्ये तीच दारं अडकतात. झालरीचंही तसंच. २०० मिमी रुंदीची सागवानी फळी या दोन महिन्यांत, ती कशी चिरली आहे त्यावर अवलंबून, साधारण दीड ते तीन मिलिमीटर कमीजास्त होते. उन्हानं कडक झालेलं जुनं सिंथेटिक इनॅमल एवढी हालचाल सहन करत नाही. रेषांच्या दिशेनं बारीक तडे जातात आणि पहिल्या पावसाला पुढूनही वाट मिळते. म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची झालर आधी जाते, उत्तरेची कितीतरी नंतर.

आधी पाणी वळवा

ब्रश हातात घेण्याआधी कवेलूंची शेवटची ओळ बघा. ती झालरीच्या पुढे किमान ५० मिमी यायला हवी. कवेलू झालरीच्या बरोबरीनं संपत असेल तर पाणी खाली सुटत नाही, ते कवेलूच्या पोटाला चिकटून मागे येतं आणि फळीच्या वरच्या कडेवर पडतं. मंगलोरी कवेलू पुढे ओढता येत नसेल, कारण ते रिपेवर अडकलेलं असतं, तर उपाय पत्र्याचा आहे. अर्ध्या मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा किंवा रंगीत पत्रा काटकोनात वाकवायचा. त्याचं एक पान कवेलूंच्या खाली किमान ७५ मिमी सरकवायचं, दुसरं पान फळीच्या पुढून ३० ते ४० मिमी खाली आणायचं आणि त्याची शेवटची कड थोडी बाहेर वळवायची, म्हणजे थेंब फळीपासून दूर सुटेल. झालर टिकवण्यासाठी एकच खर्च करायचा असेल तर मी रंगाआधी हा पत्रा निवडेन.

पन्हळ असेल तर तिचा उतार दोरी लावून तपासा. दर मीटरला ३ ते ५ मिमी पुरेसा होतो. जास्त दिला तर लांब बाजूला पन्हळ एका टोकाला इतकी खाली जाते की कवेलूचं पाणी तिच्या पलीकडे उडतं. पीव्हीसी पन्हळीला ६०० मिमीवर एक क्लिप द्या. आपल्या उन्हात त्याहून लांब अंतर ठेवलं तर पन्हळ दोन-तीन उन्हाळ्यांत मध्ये झोळते, झोळात पाणी साचतं, आणि ते फळीच्या मागे उतरतं. पाण्याच्या पाइपची संख्याही मोजा. १०० मिमी व्यासाचा एक पाइप, ताशी १०० मिमी अशा जोरदार सरीला, छपराच्या साधारण ४० चौरस मीटरचं पाणी नेऊ शकतो. ७५ मिमीचा पाइप त्याच सरीला जेमतेम २० चौरस मीटरपर्यंत. दीडशे चौरस मीटरच्या छपराला दोन पाइप लावलेले असतात, त्यामुळे पन्हळ भरून मागच्या कडेनं वाहते आणि कुजलेल्या झालरीचं मूळ तिथं असतं. पन्हळ बसवताना तिची मागची कड पुढच्या कडेपेक्षा थोडी उंच ठेवली, तर तुंबलेलं पाणी निदान अंगणात पडतं.

फळीच्या खालच्या कडेला, पुढच्या बाजूपासून १० ते १२ मिमी आत, करवतीनं ४-५ मिमी खोल अशी सलग खाच पाडून घ्या. पाणी त्या खाचेशी थांबून खाली सुटतं, सॉफिटकडे जात नाही. झालर आणि सॉफिट यांच्यामधली खालची फट मात्र सीलंटनं कधीही बुजवू नका. आत आलेल्या पाण्याला तेवढीच एक वाट असते.

कुज कुठे शोधायची

पेचकस घ्या आणि फळी टोचत चला. कोपरे, जोड, पन्हळीच्या क्लिपा, आणि वरची कड, जिथं हात पोचत असेल तिथं. निरोगी सागात पेचकस मिलिमीटरभरही जात नाही. ५ मिमी सहज गेला आणि बाहेर काढताना तंतू ओढले न जाता चुरा आला, तर ते लाकूड गेलं. ठोकल्यावर पोकळ आवाज आला आणि आत मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. तिचा रस्ता भिंतीवरून जमिनीपर्यंत शोधून आधी जमिनीचा बंदोबस्त करावा लागतो, नुसती फळी बदलून ती थांबत नाही. सॉफिटवर चहाच्या डागासारखी तपकिरी कड दिसली तर तिच्या सरळ वर न बघता उताराच्या वरच्या बाजूला फुटलेलं किंवा माकडांनी सरकवलेलं कवेलू शोधा. पाणी वाशावरून बरंच अंतर घरंगळत येऊन मग खाली पडतं.

कुज जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर पटाशीनं घट्ट लाकूड लागेपर्यंत खरवडा, पूर्ण वाळू द्या आणि दोन भागांच्या एपॉक्सी फिलरनं भरा. त्याहून जास्त असेल तर तुकडा बदला. कापताना कुजेच्या पलीकडे किमान १५० मिमी निरोगी लाकूडही काढायचं, आणि काप वाशाच्या मध्यावर येईल असा घ्यायचा, म्हणजे दोन्ही टोकांना पकड मिळते. जोड सरळ न ठेवता ४५ अंशांत तिरपा कापा. पावसाळी वारा आपल्याकडे मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या झालरीत पश्चिमेकडच्या फळीची जीभ पूर्वेकडच्या फळीवर चढलेली हवी. उलट केलं तर वारा पाणी थेट जोडात ढकलतो.

लाकूड लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणाल. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग, ज्याला व्यापारी अजूनही सीपी (म्हणजे मध्य प्रांत) टीक म्हणतात, या कामाला उत्तम. जुन्या घरांच्या मोडीतलं सागवान मिळालं तर ते आणखी चांगलं, कारण ते जेवढं आकसायचं तेवढं आधीच आकसलेलं असतं. फक्त त्यातले खिळे रंध्यापूर्वी चुंबकानं शोधा. पांढरा, साल काढल्यानंतरचा रसकाठाचा भाग असलेली फळी नाकारा. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात आहे, रसकाठ इतर कोणत्याही लाकडाच्या रसकाठाइतकाच लवकर कुजतो आणि वाळवीला आवडतो. जाडी २५ मिमी ठेवा. १८ मिमीच्या फळ्या वाशांच्या मधल्या अंतरात पिळवटतात.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ८ नंबरचे, ६० ते ६५ मिमी लांब, प्रत्येक वाशावर दोन. सागात आधी ड्रिलनं भोक पाडा, नाहीतर टोकाजवळ फळी चिरते. लोखंडी खिळे वापरले तर ओल्या लाकडातली द्रव्यं आणि लोखंड यांच्यामुळे निळसर-काळे ओघळ येतात, आणि फुगलेला गंज खिळ्यावरची लांबी, म्हणजे भोक बुजवायला भरलेली पुट्टी, बाहेर ढकलतो. पांढऱ्या झालरीवर दर दोन फुटांवर दिसणारे तपकिरी ठिपके तेच.

नवं लाकूड बसवण्यापूर्वी बोरॅक्स-बोरिकचा हात देणं सोपं आणि स्वस्त आहे. तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक अॅसिड, दोन्ही मिळून एक किलो पावडर नऊ लिटर गरम पाण्यात विरघळवा. ब्रशनं दोन-तीन भरपूर हात द्या, टोकं बादलीत उभी करून भिजवा. मग सावलीत आठवडाभर सुकू द्या. हे द्रव्य पाण्यात धुऊन जातं, त्यामुळे वरून प्रायमर आणि रंग नसेल तर त्याचा उपयोग एका पावसाळ्यापुरताच.

दिवाळीआधी की नंतर

सगळं गाव दिवाळीआधी रंगवून घेतं. घराच्या आतल्या भिंतींना ते चालतं. झालरीला नाही. हस्ताचा पाऊस नुकताच सरलेला असतो, लाकूड पोटात ओलं असतं, आणि रंगारी एका घरातून दुसऱ्या घरात धावत असतात. झालरीचं काम दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काढा. ओलावा मोजायचं टोच्यांचं मीटर मिळत असेल तर आकडा १५ टक्क्यांच्या खाली हवा. मीटर नसेल तर फूटभर पॉलिथिन फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघा. आतून दव धरलं असेल तर आठ-दहा दिवस थांबा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव असतं. फळी कोरडी झाल्यावर, म्हणजे दहाच्या सुमारास, काम सुरू करा आणि साडेतीन-चारला थांबवा. संध्याकाळी उशिरा मारलेल्या इनॅमलवर रात्री दव बसलं की सकाळी चकाकी गेलेली, दुधाळ दिसते. उन्हाच्या मागे राहून काम करा: सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा रंग ब्रश उचलायच्या आत ओढला जातो, जोडाचे पट्टे राहतात आणि थर लाकडात नीट रुजत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी आणि गारपीट येते, म्हणून शेवटचा हात त्याआधी उरकलेला बरा.

जुना रंग काढणं

धारदार ब्लेडनं रंगावर २-३ मिमी अंतरावर आडव्या-उभ्या पाच-सहा चिरा पाडा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीला चिकटून आले तर तो सगळा रंग लाकडापर्यंत काढायला हवा. न आले तर घासून, निस्तेज करून त्यावरच नवा रंग चालतो.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता गृहीत धरा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या आणि जुन्या सफेद्याची कोरडी घासाई करू नका. पाणी मारून ओली घासा, खाली ताडपत्री अंथरा, चुरा गोळा करून बांधून टाका, मास्क एन-९५ दर्जाचा वापरा. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर हा भाग होईपर्यंत त्यांना त्या बाजूला येऊ देऊ नका. ब्लोलॅम्प तर नकोच. शिशाचा धूर हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे झालरीच्या मागे खारींची आणि चिमण्यांची वाळकी घरटी असतात. ठिणगी आत गेली तर ती बाहेरून दिसत नाही.

काही रंगारी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं रंग उतरवतात. काम भराभर होतं, पण सोडा लाकडाच्या रंध्रांत राहतो, साग काळवंडतो, आणि वर्षभरात नवं इनॅमल त्या सोड्यामुळे आतून साबणासारखं मऊ होऊन सुटतं. खरवडणी आणि ८०, मग १२०, शेवटी १८० नंबरचा पॉलिश पेपर, एवढं पुरे. घासताना फळीच्या खालच्या धारेला २-३ मिमीची गोलाई द्या. टोकदार धारेवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथं थर सगळ्यात पातळ राहतो. थेंब नेमका त्याच धारेवर लोंबत असतो.

शेवाळ आणि काळी बुरशी असेल तर बाजारातलं ४-५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी तीन भाग असं करून लावा, वीसेक मिनिटांनी धुवा, दोन दिवस वाळू द्या. बुरशीवर तसाच रंग मारला तर ती रंगातून वर येते. हे द्रावण संडास धुण्याच्या अॅसिडशी कधीही मिसळू नका, क्लोरिन वायू होतो.

प्रायमर, लांबी, रंग

सागात नैसर्गिक तेल असतं आणि त्यावर प्रायमर नीट धरत नाही. घासून झाल्यावर थिनरमध्ये बुडवलेल्या स्वच्छ कापडानं पुसा, कापड पिवळं येणं थांबेपर्यंत, आणि त्याच दिवशी प्रायमर द्या. पाईनची फळी असेल तर गाठींवर आधी चपड्याच्या पॉलिशचे दोन हात, नाहीतर उन्हाळ्यात राळ पाघळून वर डाग येतात.

तेलाचा वुड प्रायमर घ्या. पहिला हात टर्पेंटाइननं जरा पातळ करून, म्हणजे तो आत मुरेल. नव्या फळीला बसवण्याआधी जमिनीवरच दोन हात द्या आणि क्रम असा ठेवा: आधी दोन्ही टोकं, मग वरची कड, मग पाठ, खालची कड, शेवटी दर्शनी बाजू. टोकांना तिसरा हात. वर चढवताना जिथं कापाल त्या ताज्या कापालाही लगेच प्रायमर, सुताराच्या हाताशी एक छोटा डबा ठेवूनच. बसवलेल्या जुन्या फळीची पाठ गाठता येत नसेल तर एका ओळीचे कवेलू उचलून निदान वरची कड आणि पाठीचा वरचा चार इंच भाग लांब ब्रशनं रंगवा. प्रायमर उन्हात महिनोन्महिने उघडा राहिला की त्याची भुकटी होते, म्हणून पंधरा दिवसांच्या आत वरचा रंग चढायला हवा. "प्रायमर मारलेल्या" तयार फळ्यांवर सहसा एकच पातळ फवारा असतो, त्यावर भिस्त ठेवू नका.

लांबी प्रायमरनंतर भरायची. कोऱ्या लाकडात भरली तर लाकूड तिच्यातलं तेल शोषून घेतं, आणि राहिलेली खडू पावडर पुढच्या वर्षी गळून पडते. घरी करायची तर वजनानं पाच भाग खडू पावडर, एक भाग बेलतेल (जवसाचं तेल), मळून कणकेसारखी, आणि भरल्यावर वर पुन्हा प्रायमरचा टिपका. भिंतीची व्हाइट सिमेंट पुट्टी लाकडावर वापरणं ही या शहरात वरचेवर दिसणारी चूक आहे. ती ताठ असते, लाकूड हललं की पापुद्र्यानं निघते, आणि तिच्यातला अल्कली वरच्या तेलरंगाला खातो. बेलतेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि ढिगातल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

वरच्या रंगात माझी निवड स्पष्ट आहे: झालरीला लाकडावर चालणारा बाहेरचा शुद्ध अॅक्रिलिक. तो लवचीक राहतो आणि थोडी वाफ बाहेर जाऊ देतो. सिंथेटिक इनॅमलची चकाकी पहिल्या दिवाळीला सुंदर दिसते, पण पश्चिमेच्या उन्हात दोन-तीन वर्षांत ते भुकटी धरतं. हवंच असेल तर उत्तरेला आणि व्हरांड्याच्या आत वापरा. पीयू (पॉलियुरेथेन) इनॅमल त्याहून टिकतं, मात्र हालणाऱ्या रुंद फळीवर तेही जोडांशी चिरतं. लाकडाचा रंग दिसावा म्हणून बाहेर पारदर्शक पॉलिश करू नये. ऊन त्यातून आरपार जाऊन खालचं लाकूडच जाळतं. तसा देखावा हवा असेल तर रंगद्रव्य असलेला वुड स्टेन घ्या आणि दर दोन वर्षांनी एक हात द्यायची तयारी ठेवा. गडद चॉकलेटी झालर आपल्याकडे लोकप्रिय आहे, पण मेच्या दुपारी तिच्यावर तळहात ठेववत नाही. फिकट छटेची फळी कमी तापते, कमी हालते, जास्त टिकते.

सॉफिटला मॅट अॅक्रिलिकच. तिथं इनॅमल मारलं तर छपराखालची वाफ कोंडते. भिंतीलगत किंवा झालरीलगत १० ते १५ मिमीची सलग फट ठेवून तिला बारीक स्टीलची जाळी लावा. हवा खेळते आणि गांधीलमाश्या, वटवाघळं आत जात नाहीत.

दोन हातांमध्ये तेलरंगाला एक रात्र, अॅक्रिलिकला किमान चार तास, आणि मध्ये २२० नंबरच्या पेपरनं हलकी घासाई. रंग जोडापाशीच थांबवा, फळीच्या मध्ये नाही. इनॅमल पातळ करायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू देऊ नका, चकाकी मरते आणि थर चिकट राहतो. कोपऱ्याच्या जोडांत पीयू किंवा अॅक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉनवर रंग धरत नाही.

लाकूड नसलेल्या फळ्या

फायबर सिमेंट बोर्ड कुजत नाही आणि वाळवीला नको असतो, पण पाणी पितो. कापलेली प्रत्येक कड सील करायची, जोडाला ३ मिमी फट, स्क्रू कडेपासून किमान १२ मिमी आणि कोपऱ्यापासून ५० मिमी आत, भोक आधी पाडून. तो अल्कलीयुक्त असतो, त्यावर थेट इनॅमल नको. अल्कली सहन करणारा प्रायमर आणि अॅक्रिलिक. जुन्या सिमेंट पत्र्याच्या झालरी अॅस्बेस्टॉसच्या असू शकतात. त्या घासू नका, कापू नका, ओल्या फडक्यानं पुसून वरून रंगवा.

डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या फळीची, अडचण उष्णतेची. आठ फुटांची पट्टी जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांच्या दरम्यान ५ ते ७ मिमी लांब होते. जोडात तेवढी फट नसली तर ती कमानीसारखी फुगते. भोकं लांबट पाडा, स्क्रू करकचून आवळू नका, आणि तिच्यावर गडद रंग अजिबात नको.

किती सामान

भिंतीबाहेरून १२ बाय ९ मीटरचं घर, चारही बाजूंना ६०० मिमी वळचण, असं धरू. झालरीची लांबी ४७ मीटर, म्हणजे सुमारे १५४ रनिंग फूट. २०० मिमीच्या फळीची दर्शनी बाजू आणि खालची कड मिळून साधारण १०.५ चौरस मीटर, सॉफिट २६.५ चौरस मीटर. लिटरला एका हाताचे १० चौरस मीटर धरले तर पुन्हा रंगवण्यासाठी ४ लिटर प्रायमर, झालरीच्या दोन हातांना आणि पश्चिम-दक्षिणेच्या तिसऱ्या हाताला मिळून ३ लिटर, सॉफिटला ६ लिटर. झालर पूर्ण नवी असेल तर चारही बाजू मिळून २१ चौरस मीटर होतात, आणि नुसत्या झालरीच्या दोन हातांनाच साडेचार लिटर प्रायमर लागतो. ठेका रनिंग फुटानं देत असाल तर पाठ, टोकं आणि वरची कड यांचा उल्लेख कागदावर करा. नाहीतर रंगाऱ्याच्या हिशेबात त्या नसतातच.

शिडी पन्हळीला टेकवायची नाही. चार फूट उंचीला पायथा एक फूट बाहेर, आणि शक्यतो बांबूची परांचीच बांधा, कारण शिडीवरून एका हातानं रंगवलेली वरची कड नेहमी अर्धवट राहते. महावितरणची सर्व्हिस वायर झालरीजवळून येत असेल तर त्या बाजूचं काम वीज बंद करवून घेतल्याशिवाय सुरू करू नका.

वर्षाचं वेळापत्रक छोटं आहे. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेपूर्वी, पन्हळीतली कडुनिंबाची आणि गुलमोहोराची पानं काढा. पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि पागोळ्या कुठे पडतात ते बघा. फळीवरून ओघळ येत असेल तर जागा भिंतीवर खडूनं खूण करून नोंदवा. दिवाळीनंतर झालर साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, पेचकस टोचा, जोडांचं सीलंट तपासा. पश्चिमेच्या बाजूला तिसऱ्या वर्षी हलकी घासाई आणि एक हात द्या, बाकी तीन बाजू पाच-सहा वर्षं थांबू शकतात. त्यासाठी उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून, सावलीत ठेवा आणि वर छटेचा नंबर, महिना आणि कोणत्या बाजूला वापरला ते लिहा.